कमानीखाली कोण उभं राहणार

शनिवारी सकाळी चहा संपवता संपवता मिस्त्रींनी बायकोला सांगून टाकलं, की आज कमानीखालचा साचा काढणार. बायकोनं कप उचलला, विसळला, पुन्हा विसळला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिचं न बोलणं त्यांना नीट वाचता येत होतं, आणि आज ते वाचायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

सोमवारी त्यांना इस्पितळात भरती व्हायचं होतं. हृदयाची एक झडप कामातून गेली होती; छाती उघडून ती बदलायची. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सगळं समजावलं होतं. या वयात छातीठोक काही सांगता येत नाही, पण न करण्यापेक्षा केलेलं बरं. तोवर वजन उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, डोक्यात राख घालून घ्यायची नाही. पहिल्या दोन गोष्टी मिस्त्रींनी कशाबशा पाळल्या होत्या.

"अहो, कमान काय पळून जातेय का?" दारापर्यंत आल्यावर बायकोला राहवलं नाही.

"कमान नाही पळत," चपलेत पाय सरकवत ते म्हणाले. "मी पळतोय."

ख्रिस्ती मंडळीचं नवं उपासनामंदिर घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. भिंती झाल्या होत्या, छप्पर चढलं होतं, बाकं लागली होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मंडळी जमून ते देवाला अर्पण करणार होती. राहिली होती ती फक्त कमान. बाकांच्या आणि वेदीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दगडाची. दगड सगळे बसले होते, माथ्यावरचा, बाकीच्यांना अडकवून धरणारा चावीचा दगडही बसला होता. पण खाली अजून लाकडी साचा होता आणि साच्याखाली तीन जाड खांब. कमान बांधताना दगड अंगावर पेलायला साचा लागतो. चुना आवळून घट्ट झाला, की साचा काढायचा आणि कमानीनं स्वतःच्या बळावर उभं राहायचं. जोवर साचा निघत नाही, तोवर ती कमान नव्हेच, दगडांचा अर्धगोल ढीग, असं मिस्त्री म्हणत.

सिमेंट वापरा म्हणून मंडळीतल्या चार शहाण्यांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं. मिस्त्रींनी ऐकलं नाही. चुनाच हवा. चुना सावकाश आवळतो, पण आवळला की नातवंडांच्या नातवंडांना पुरतो. यंदा हवा मात्र ओलसट राहिली, ऊन असं पडलंच नाही, आणि चुना मुळातच सावकाश.

हा हट्ट कुठून आला होता, ते बायकोला ठाऊक होतं आणि देवाला. मिस्त्रींनी आयुष्यभर बांधलं. शाळा बांधली, तिथं आता गाड्या उभ्या राहतात. ओढ्यावरचा पूल बांधला, तो रुंदीकरणात गेला. ज्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर पोरासारखा जीव लावला, तिच्यावर मालकाच्या मुलानं काच ठोकली. आपण बांधलेलं आपल्याच डोळ्यांदेखत पाडलं जावं, इतकं लांब आयुष्य देवानं त्यांना दिलं होतं. ही कमान तेवढी राहणार होती. देवाच्या घरातली कमान कोण पाडणार? ती एकदा, फक्त एकदा, मोकळी उभी पाहायची आणि मग सोमवारी डोळे मिटून त्या टेबलावर झोपायचं. रोजच्या प्रार्थनेत त्यांनी हे इतक्यांदा मागितलं होतं, की आता ते मागणं राहिलं नव्हतं, तगादा झाला होता.

मुलगा आधीच येऊन खांबांच्या पायाशी झाडलोट करत होता. त्याला सगळे ठोंब्या म्हणत. लहानपणी उशिरा बोलायला लागला, तेव्हा पडलेलं नाव. आता मिशीत पांढरे केस आले तरी चिकटून होतं. तो आजही फारसं बोलत नसे. बापाच्या हाताखाली वीसेक वर्षं काढलेला माणूस काय बोलणार? त्याची बोलायची सवय मोडून जाते.

साचा काढायच्या आधी सांधे तपासायचे असतात. खिळा घ्यायचा, सांध्यात दाबायचा. टोकाशी अडला तर चुना तयार. आत शिरला तर साच्याला हात लावायचा नाही. गुरुवारीच दोघांनी तपासणी केली होती. मिस्त्रींनी तपासले ते खालचे सांधे, हाताला लागणारे. परांचीवर चढायची त्यांना बंदी होती आणि गुडघ्यांनी तर बंदी घालायची वाटही पाहिली नव्हती. खालचे सांधे कडक होते. ते भरले गेले होतेही सगळ्यात आधी. वरचे तपासायला ठोंब्या चढला होता. खाली उतरल्यावर म्हणाला, ठीक आहेत. मिस्त्रींनी पुढचा प्रश्न विचारला नाही. एरवी खिळा किती गेला, कोणत्या बाजूला गेला, कमानीच्या डाव्या खांद्याचा सांधा पाहिलास का, असं विचारून त्यांनी जीव नकोसा केला असता. त्या दिवशी त्यांना "ठीक आहेत" एवढंच ऐकायचं होतं, ते त्यांनी ऐकलं आणि घरी गेले.

त्यांच्या धंद्यात एक शिरस्ता होता. ज्यानं चावीचा दगड बसवला, त्यानंच साच्याखालची शेवटची पाचर काढायची, आणि तीही कमानीखाली उभं राहून. आपल्या कामाखाली दुसऱ्याचं डोकं द्यायचं नाही. मिस्त्रींना हे त्यांच्या बापानं शिकवलं होतं. या कमानीची चावी मात्र ठोंब्यानं बसवली होती. मिस्त्री खाली खुर्चीवर बसून नुसतं बोट दाखवत होते.

"तू बाहेर थांब," मिस्त्री म्हणाले. "कमान माझी आहे."

"घण कोण मारणार?" ठोंब्यानं शांतपणे विचारलं.

दोघं खाली शिरले.

प्रत्येक खांब एकमेकींत रुतवलेल्या दोन लाकडी पाचरींवर उभा होता. पाचर थोडी बाहेर काढली, की खांब थोडा खाली येतो, साचा थोडा उतरतो. घाई करायची नाही. आधी मधला, मग दोन्ही बाजूंचे, केसाकेसानं. साचा उतरला की कमानही जराशी बसते, तेवढं चालतं. बसून थांबली पाहिजे. ती थांबली की नाही, हे कळायला मिस्त्रींनी चावीच्या दगडाच्या कडेवरून दोरीचा ओळंबा सोडायला लावला होता. त्याच्या टोकाखाली जमिनीत एक खिळा ठोकलेला. टोक आणि खिळा यांच्यात बोटभर फट. फट कमी होऊन थांबली तर देवाची कृपा. थांबली नाही तर कमान खाली येतेय.

ठोंब्यानं मधल्या पाचरीवर घण मारला. लाकूड करकरलं. मिस्त्री चष्मा सावरून खिळ्याकडे बघत राहिले. टोक किंचित खाली आलं. थांबलं.

"थांबलं," ते म्हणाले.

मग बाजूचे खांब. एक ठोका इकडे, एक ठोका तिकडे. पुन्हा वाट पाहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं आणि मिस्त्रींच्या छातीत काहीतरी उगाच धडपडलं. टोक आणखी खाली आलं. थांबलं असावं. त्यांनी डोळे बारीक केले. थांबलंच असेल. थांबायलाच हवं. दुसऱ्या कुणाच्या कमानीखाली असते तर आतापर्यंत त्यांनी सगळ्यांना ओरडून बाहेर काढलं असतं. पण माणसाला जे हवं असतं, त्याच्या बाजूनं त्याचे डोळे साक्ष देतात.

"पुढे मार," ते म्हणाले.

ठोंब्यानं घण उचलला. तेवढ्यात मिस्त्रींच्या मनगटावर वरून काहीतरी पडलं, टपकन, वाटाण्याएवढं. त्यांनी ते झटकलं. ते झटकलं गेलं नाही. मनगटावर पांढरा, थंड पट्टा उमटला.

तयार चुना पडला तर भुगा पडतो. हा ओला होता.

"थांब," मिस्त्री म्हणाले. ठोंब्या थांबला. "वरच्या सांध्यांत खिळा किती गेला होता?"

ठोंब्यानं घण जमिनीवर टेकवला आणि आपलं बोट दाखवलं. अख्खं.

मिस्त्रींनी आधी बोटाकडे पाहिलं, मग त्या बोटाच्या मालकाकडे. "तुला ठाऊक होतं," ते म्हणाले. "आणि तू खाली उभा आहेस."

"तुम्हांला बघायची होती ना, बाबा."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती, उपकार नव्हते. पाण्याचा तांब्या पुढे करावा तसं तो बोलला. मिस्त्रींना वाटलं, आपण हे इतके दिवस देवाकडे मागत होतो. देवानं नाही म्हटलं असतं तर आपण ऐकलं नसतं. पोरानं नाही म्हणायची सोय आपण त्याच्यासाठी कधी ठेवलीच नव्हती. आणि त्यानं मुकाट्यानं आपलं डोकं आणून दगडांखाली ठेवलं होतं, बापाची हौस म्हणून. या खांबाशी असलेलं हे एक माणूस, यापलीकडे आपण बांधलेलं दुसरं काय होतं जगात?

त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. टोक थांबलेलं नव्हतं. अगदी सावकाश, घड्याळाच्या तासकाट्यासारखं, खाली येत होतं.

"साचा परत वर घ्यायचा," मिस्त्री म्हणाले.

पाचर काढणं सोपं. ठोकून परत आत घालणं म्हणजे अख्ख्या कमानीचं वजन उचलणं. आणि दोन्ही बाजूंचे खांब एकाच क्षणी उचलायला हवेत. एक आधी गेला तर साचा तिरपा होतो, आणि तिरपा साचा ओल्या कमानीला एका कुशीतून ढकलून देतो. मधल्या खांबामुळे आणि तिरक्या आधारांमुळे दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. एकानं ताल द्यावा लागतो. मिस्त्रींनी लाकडी हातोडा, मोगर, उचलला, डाव्या खांबाशी वाकले, आणि "हं" म्हणायला तोंड उघडलं तर छातीत वाराच नव्हता.

"काय चाललंय रे दगड्या?" दारातून आवाज आला.

पाळक आले होते. मिस्त्रींना दगड्या म्हणणारे त्यांचे बालपणापासूनचे सोबती, मंडळीचे म्हातारे पाळक, जे कधी नुसतं बोलून प्रवचन करत नसत. बोलता बोलता गाऊ लागत, गाता गाता पुन्हा बोलायला उतरत, आणि पेंगणारी माणसं जागी होऊन डोळे पुसत घरी जात. उद्याच्या प्रवचनासाठी कमानीखाली आवाज कसा घुमतो ते पाहायला ते आले होते.

"आत येऊ नको," मिस्त्री म्हणाले. "कमान येतेय खाली. तिथूनच गा, गवया. तालात काहीतरी गा. तुझ्या तालावर आम्ही ठोकतो."

पाळकांनी काय, कसं, का, काही विचारलं नाही. नवल म्हणजे त्यांनी घसाही खाकरला नाही. डोळे मिटले आणि जे तोंडाला आलं ते उचललं:

"भिंत खचली, टेक लाव. उमर ढळली, टेक लाव. माझ्या देवा, टेक लाव."

प्रत्येक "लाव"ला दोन ठोके पडत होते. ठोंब्याचा घण गोळीसारखा, मिस्त्रींचा मोगर कुणीतरी दार वाजवावं तसा. चार ओळींतच ते दिसू लागलं. उजवा खांब वर चढत होता, डावा जागेवर होता. साच्यातून एक लांब, दुःखी करकर निघाली. आणखी दोन ओले गोळे फरशीवर पडले.

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. मोगर हातातून सुटत नव्हता. तो सुटू नये म्हणून ते जन्मभर राबले होते. आणि आता त्यांना कळत होतं, की ही कमान पडणार असेल तर ती ओल्या चुन्यानं नव्हे, या त्यांच्या हातानं पडेल, जो अजून स्वतःला तरुण समजतो.

"गवया," ते म्हणाले. "ये इकडे. हा धर."

"बाबा, त्यांना नको," पलीकडून ठोंब्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नको म्हटलं होतं, तेही दुसऱ्यासाठी.

"तू खाली, तुझा बाप खाली," पाळक कोटाच्या बाह्या वर सारत आले, "आणि मी काय दारात उभा राहून वर्णन करू?" त्यांनी मोगर उलटा धरला. मिस्त्रींनी तो सुलटा करून दिला, कुठं मारायचं ते बोटानं दाखवलं, आणि स्वतः गुडघ्यांवर सरकत ओळंब्यापाशी गेले. तिथं ते फरशीवर आडवे झाले, गाल जमिनीला लावून, डोळा खिळ्याच्या उंचीवर. एवढं एकच काम त्यांना जमण्यासारखं राहिलं होतं: बघायचं आणि खरं तेच सांगायचं.

"डावा मागे आहे. डाव्याला दोन, उजव्याला एक."

पाळक गाऊ लागले. त्यांचे ठोके बेढब होते पण त्यांत जोर होता, आणि ताल तर त्यांच्या हाडातच होता. भिंत खचली, टेक लाव. डावा खांब करकरला आणि उचलला गेला. "आता बरोबर. आता दोघं एकदम." उमर ढळली, टेक लाव. गाणं मध्येच तुटत होतं, धापेत बुडत होतं, पण "लाव" मात्र जागच्या जागी येत होतं. फरशीचा गारवा मिस्त्रींच्या गालात शिरला. ओळंब्याचं टोक खाली येता येता अडखळलं. पुन्हा जरा उतरलं. मग नाही.

"नुसतं गा," मिस्त्री म्हणाले. "ठोकू नका."

पाळक हलक्या आवाजात गात राहिले. टोक हललं नाही. गाणं संपलं, तरी हललं नाही. तिघं तिथं होते, आणि ज्याला गाण्यातून हाक मारली होती तो चौथाही होता; ते सांगायची गरज नव्हती.

"मधल्यालाही जरा दाबून घे," मिस्त्री अखेर म्हणाले, आणि ठोंब्यानं घेतलं.

बाहेर पायरीवर बसल्यावर मिस्त्रींनी ओल्या चुन्याचं मनगट लेकाच्या सदऱ्याला पुसलं आणि मग तो हात तिथंच, त्याच्या खांद्यावर राहू दिला. पुन्हा खोटं बोललास तर तंगडं मोडीन, असं म्हणाले. पाळक हाताचे फोड न्याहाळत होते. त्यांनी विचारलं, हे कमानीखाली उभं राहायचं काय प्रकरण आहे. मिस्त्रींनी शिरस्ता सांगितला. पाळकांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

रविवारी मंडळी आली आणि नव्याकोऱ्या मंदिरात वेदीसमोर तीन ओबडधोबड खांब आणि काळपट लाकडांचा सांगाडा बघून कुजबुजली. ज्या शहाण्यांनी सिमेंट सांगितलं होतं, ते एकमेकांकडे बघून हसले. पहिल्या बाकावर बसलेल्या मिस्त्रींनी ते पाहिलं. लागलं त्यांना. न लागण्याइतके ते मोठे झाले नव्हते.

पाळक कमानीच्या बाजूला उभे राहिले, पट्ट्या बांधलेले हात मागे घेऊन, आणि गायला लागले. आपला हा देह, त्यांनी गायलं, हा साचा आहे. वर काय बसतंय ते साच्याला दिसत नाही. त्याला फक्त वजन कळतं आणि आपल्या लाकडाची कुरकुर ऐकू येते. साचा जुना झाला म्हणून रडू नका. त्याच्यावर प्रेमानं जे रचलं, क्षमेनं जे सांधलं, ते आवळतंय ना, तेवढं बघा. मग ते गाण्यावरून बोलण्यावर उतरले. गवंड्यांचा एक नियम काल मला कळला, म्हणाले. ज्यानं चावी बसवली, तो खाली उभा राहतो. आणि माझ्या बंधुभगिनींनो, आपल्या प्रभूनं दुसरं काय केलं? वर बसून पाचर काढली नाही. खाली आला. आपल्या खाली उभा राहिला. आणि सगळं अंगावर आलं तेव्हाही हटला नाही.

मिस्त्रींच्या बायकोनं पदरानं डोळे पुसले. ठोंब्या आपल्या चपलांकडे बघत होता. मिस्त्री कमानीकडे बघत नव्हते. ते लेकाचे हात बघत होते, मांडीवर ठेवलेले, रुंद, नखांत चुना. हे कुणी रुंदीकरणात नेणार नव्हतं. हे देवाच्या हिशेबी कायमचं होतं, आणि काल त्यांच्या हट्टापायी जाता जाता राहिलं होतं.

सोमवारी सकाळी इस्पितळात त्यांना ढगळ हिरवा डगला घातला. बायकोनं त्यांचा चष्मा आणि दातांची कवळी रुमालात बांधून घेतली. चाकांच्या खाटेवर झोपलेल्या मिस्त्रींना छतावरचे दिवे एकामागून एक सरकताना दिसत होते आणि त्यांना भीती वाटत होती. प्रार्थनेनं भीती गेली नव्हती. भीती असताना हात कुणाचा धरायचा, एवढं ठरलं होतं. ठोंब्या खाटेच्या कडेला हात लावून सोबत चालत होता.

"साचा कधी काढशील?" त्यांनी विचारलं. कवळीविना शब्द बोबडे येत होते.

"ऊन पडू दे. वरचे सांधे खिळा घेईनासे झाले, की."

"लांबेल ते."

"लांबेल."

"आणि मी नसलो तर?"

आजवर असं काही विचारलं, की घरातलं प्रत्येक जण "काहीतरीच काय" म्हणून तोंड फिरवत असे. बायकोनं आत्ताही फिरवलं. ठोंब्यानं तोंड फिरवलं नाही.

"तुम्ही नसलात तरी थांबेन," तो म्हणाला. "घाई नाही करणार."

मिस्त्रींनी डोळे मिटले. "मग ठीक आहे," ते म्हणाले.

दाराशी परिचारिकेनं हात वर केला. इथून पुढे नातेवाइकांना नाही. ठोंब्यानं खाटेवरचा हात काढला, आणि दार लागलं.